जुना लेथ घेताना

१९४१ साली हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ आजही जुन्या बाजारात मिळतात. असं यंत्र घेताना रंगाला भुलू नका, बेड तपासा. झीज सर्वांत जास्त चकजवळ होते. तिथं कॅरेजची गिब बसती करा आणि कॅरेज टेलस्टॉककडे सरकवा. वाटेत आवळली, तर बेड झिजलाय. डायल गेज लावून चक लाकडी दांड्यानं हलकेच उचला. काटा बराच हलला, तर बेअरिंग पाहावं लागेल.

घरी आणल्यावर गंज रॉकेलनं भिजवून काढा, बेडवर पॉलिश पेपर घासू नका. मोटर थ्री फेज आणि घरची वीज सिंगल फेज असेल, तर मोटर बदला किंवा व्हीएफडी बसवा. आणि चालत्या लेथवर हातमोजे, सैल बाह्या कधीच नकोत!