घन इंधनाचा अग्निबाण आणि तो भरणारे हात



युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, ग्रॅच्युइटीवर बोलावे. अग्निबाणाशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न आजची पत्रिका वाचून पुष्कळांच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो बोलता बोलता निघेलच. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. तेव्हा आमच्याकडून समीकरणांची अपेक्षा आपण ठेवू नये. घन इंधनाचे इंजिन चालते कसे, ते करते कोण, आणि एकदा पेटले की ते थांबवता येत नाही या एका गोष्टीतून काय काय निघते, एवढेच सांगावयाचे आहे.

बाण हा शब्द आपल्याला जुना आहे. पेशवाईतल्या फौजेत तोफांच्या जोडीला बाण असत, ते धनुष्याचे नव्हेत, दारू ठासलेल्या नळीचे. हैदर आणि टिपू यांनी ती नळी लोखंडाची केली आणि १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना तिचा चांगलाच हिसका दाखवला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, नमुने विलायतेला गेले आणि विल्यम काँग्रीव्ह याने त्यांवरून आपले अग्निबाण तयार केले. कारागीर इकडचे आणि नाव तिकडचे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. असो.

दिवाळीत बाटलीत उभा करून पोरे जो बाण सोडतात त्याचे तत्त्वही तेच. दारूत कोळसा आणि गंधक जळतात, आणि त्यांना लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. बाहेरच्या हवेवाचून त्याचे अडत नाही. म्हणून हे इंधन हवा नसलेल्या पोकळीतही जळते. आता याची दुसरी बाजू पाहा. आपल्या बाळकुमच्या अग्निशमन केंद्रातला कोणीही जवान सांगेल, की आग कोंडली, तिची हवा तोडली, की ती मरते. पण जिची हवा तिच्याच पोटात आहे, तिला कोंडणार कसे? कोंडली तर ती फुटेल.

आजच्या मोठ्या अग्निबाणात सोऱ्याच्या जागी अमोनियम परक्लोरेट आले, कोळशाच्या जागी ॲल्युमिनियमची पूड आली, आणि दोघांना धरून ठेवायला एक कृत्रिम रबर आले. त्याचे नाव एच.टी.पी.बी. शंभर किलो इंधनात सुमारे ६८ किलो परक्लोरेट, १८ किलो ॲल्युमिनियम आणि बाकीचे बहुतेक रबर, असा साधारण हिशेब. हे रबर नुसते चिकटवण्याचे काम करत नाही, ते स्वतःही जळते. आपल्यापैकी कोणी ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलमध्ये नोकरी केली असेल तर त्यांना हे नाव परके वाटणार नाही. नोसिल ते रबर करीत असे, आणि पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेच्या शोधनिबंधांतही नोसिलचे रबर वापरल्याची नोंद सापडते. आपल्या खाडीपलीकडच्या रस्त्याने अग्निबाणाच्या पोटात माल घातलेला आहे, हे आपल्या गावीही नव्हते.

हे सारे एका मोठ्या भांड्यात घोटतात. भजी तळताना आपण जसा घाणा म्हणतो तसाच येथे इंधनाचा घाणा. घोटताना माणूस जवळ नसतो. जाड भिंतीपलीकडून, दुरून यंत्र चालवतात. मग ते दाट मिश्रण पोलादी कवचात ओततात. कवचाच्या मधोमध आधीच एक साचा उभा केलेला असतो. काही दिवस ऊब देऊन इंधन घट्ट रबरासारखे झाले, की तो साचा ओढून काढतात आणि मधे आरपार पोकळी राहते. आग लागते ती या पोकळीच्या भिंतींना, आणि इंधन आतून बाहेर जळत जाते. जितका पृष्ठभाग एका वेळी जळेल तितका वायू, आणि तितका रेटा. म्हणून पोकळी कोठे गोल तर कोठे चांदणीच्या आकाराची ठेवतात. द्रव इंधनाच्या इंजिनाला झडपा असतात, पंप असतात. येथे यांपैकी काही नाही. जोर कोणत्या क्षणी वाढावा आणि कोणत्या क्षणी उतरावा, हे त्या पोकळीच्या आकारात आधीच लिहून ठेवलेले असते.

म्हणूनच इंधनाला गेलेली एखादी चीर भयंकर. चिरेच्या दोन्ही बाजू जळू लागतात, पृष्ठभाग वाढतो, दाब वाढतो, आणि दाब वाढला की जळणे आणखी जोर धरते. कवचाला तो ताण सोसला नाही तर संपले. क्ष-किरणांनी प्रत्येक तुकडा तपासतात तो यासाठीच.

ही विद्या आपल्या देशात रुजवणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. डॉ. वसंत गोवारीकर, जन्म पुण्याचा, १९३३ सालचा. बर्मिंगहॅमला डॉक्टरेट घेऊन इंग्लंडात स्थिरावलेला हा गृहस्थ विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून १९६७ साली थुंब्याला आला. तेथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला होता खरा, पण तो अमेरिकन होता. आपला पहिला उडाला २० नोव्हेंबर १९६७ रोजी. व्यास अवघा ७५ मिलिमीटर. १८ जुलै १९८० रोजी एस.एल.व्ही.-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते, आणि त्या वेळी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक गोवारीकरच होते. पुढे पी.एस.एल.व्ही. आला. त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन इंधन बसते, म्हणजे दहाटनी ट्रक चौदा! ते पावणेदोन मिनिटांच्या आसपास जळून जाते. आज एल.व्ही.एम.-३ च्या दोन्ही अंगांना जे बाण असतात त्यांतील प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक इंधन असते. २०२५ साली तर एका घाण्यात दहा टन घोटणारे यंत्र बंगळूरला तयार झाले.

पोलादी कवचे होतात कोठे? इंदापूर तालुक्यात साखर कारखान्यांची यंत्रे करणारे वालचंदनगर, आणि पवईला लार्सन अँड टुब्रो. उसाच्या मळ्यांतून वाट काढीत ही कवचे श्रीहरिकोट्याला जातात. त्यांचे पोलाद विशेष जातीचे असते आणि त्याचे वेल्डिंग हे येरागबाळ्याचे काम नव्हे. द्रव इंधनाचे विकास इंजिन विक्रोळीत गोदरेजमध्ये होते, म्हणजे येथून लोकलच्या पाच-सहा स्टेशनांवर. ते इंजिन बंद करता येते. घन इंधनाचे येत नाही. मग शहाणी माणसे हे आडमुठे इंजिन वापरतात तरी का? एक तर ते भरून ठेवले की वर्षानुवर्षे तयार राहते, पेटवले की क्षणात पूर्ण जोर देते, आणि बिघडण्याजोगे भाग त्यात थोडे. संकट आले तर अंतराळवीरांची कुपी ओढून दूर नेणारी इंजिने घन इंधनाची ठेवतात ती याच गुणामुळे.

आता मुद्द्यावर येतो. जे इंजिन पेटल्यावर थांबत नाही, त्यात ‘थांबा’ म्हणण्याची वेळ पेटण्याआधीच असते. हे म्हणावयाचे कोणी?

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात माणसे गेली. त्याच्या घन इंधनाच्या बाणांचे तुकडे सांध्यांनी जोडलेले होते, आणि सांध्यांत रबराची कडी होती. कुकरची रिंग कडक झाली की वाफ सुटते, हे येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीला माहीत आहे. त्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती, आणि थंडीत ते रबर ताठरले. पुढे चौकशी समितीसमोर फाइनमन या शास्त्रज्ञाने बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून हे दाखवून दिले आणि त्याची वाहवा झाली. पण आदल्याच रात्री बाण बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी, रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ‘एवढ्या थंडीत उडवू नका’ असे टेलिफोनवरच्या बैठकीत सांगितले होते! कंपनीच्या वरिष्ठांनी आधी त्यांचे ऐकले, मग नासाची नाराजी पाहून मत फिरवले. ज्ञान होते, ते वेळेवर बोललेही गेले होते. कमी पडले ते त्या बोलण्याचे वजन.

हे अमेरिकेतल्या पदवीधरांचे. आता घाणा घोटणाऱ्यांकडे वळू. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्राझीलमध्ये अग्निबाण तळावरच अचानक पेटला आणि २१ माणसे गेली. २३ फेब्रुवारी २००४ रोजी श्रीहरिकोट्याच्या घन इंधन कारखान्यात सहा जण गेले. स्फोटकांच्या कारखान्यांची तीच कथा: १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगावला नऊ जण, त्यांत सहा स्त्रिया, २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ. उड्डाणाचे चित्र आपण सारे पाहतो. या नावांची यादी आपल्यापैकी किती जणांनी वाचली?

आमच्या पट्ट्यातला एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. रात्रपाळीचा एक ऑपरेटर, वीस वर्षे त्याच रिॲक्टरवर काढलेला, म्हणाला की घाणा नेहमीपेक्षा लवकर तापतो आहे आणि ढवळणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला आहे. काटा मर्यादेत होता, म्हणून सुपरवायझरने काम पुढे चालवायला सांगितले. ऑपरेटरने न विचारता थंड पाणी सोडले आणि घाणा बाद झाला. सकाळी त्याला मेमो मिळाला. चार दिवसांनी यंत्र उघडले तेव्हा आतले पाते वाकलेले निघाले, तरी मेमो मागे घ्यायला आम्हांला पाच महिने लागले. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी काय झाले ते आपण विसरला नसाल. तेव्हा असा आवाज तेथे कोणी ऐकला होता काय, हे विचारावेसे वाटते.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात ४१-एच हे कलम घालण्यात आले. जिवावरचा धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणण्याचा कामगाराचा हक्क त्याने लिहून दिला. कलम चांगले होते. पण ज्याचा करार अकरा महिन्यांचा आहे, तो बाराव्या महिन्याचा विचार करूनच तोंड उघडतो. म्हणून अलीकडे आम्ही प्रत्येक करारात एक ओळ मागतो: सुरक्षेसाठी घाणा थांबवणाऱ्याला मेमो नाही, पगारकपात नाही, आणि ही ओळ कंत्राटी कामगारालाही लागू. पहिल्या दोन मागण्यांवर व्यवस्थापन बहुधा राजी होते. तिसरीवर बैठक मोडते.

थांबल्याने नुकसान होते हे आम्हांला मान्य आहे. १५ जुलै २०१९ च्या पहाटे श्रीहरिकोट्याला चांद्रयान-२ उडावयाचे होते. राष्ट्रपती रामनाथ कोविंद स्वतः हजर होते, साऱ्या देशाचे डोळे दूरदर्शनकडे. दोनशे-दोनशे टनांचे दोन बाण भरून उभे. उड्डाणाला ५६ मिनिटे उरली असता तांत्रिक दोष दिसला आणि घड्याळ थांबवण्यात आले. राष्ट्रपती परत गेले. दोष दुरुस्त झाला, आणि २२ जुलैला दुपारी चांद्रयान गेले.

चिठ्ठ्यांवर प्रश्न आले आहेत असे चालक सांगतात. पहिली चिठ्ठी वाचावी.