लाइट गेल्यावर राखण कोणाची?

(मढ येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला घराच्या राखणीबद्दल बोलायला सांगितलं आहे. आपल्यातल्या कित्येकींच्या दारावर आता कॅमेरा आहे. माझ्याही आहे. पुरुष बोटीवर गेले की दिवसच्या दिवस घरात आपण, म्हातारी माणसं आणि पोरं. कॅमेरा लावला की काळजी मिटली असं सगळ्यांना वाटतं. पण हा राखणदार विजेवर जगतो.

मुंबईत लाइट जात नाही, असं आपण गावच्या पाहुण्यांना ऐटीत सांगतो. पण २६ जुलै २००५ च्या पावसानंतर उपनगरांतल्या कित्येक वस्त्या अंधारात होत्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रीड बंद पडली आणि लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या दारावरून गेलं.

त्या दिवशी माझा नवरा बोटी बांधायला बंदरावर होता. घरी मी आणि सासूबाई. लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक दिवा चालू, म्हणून मी निर्धास्त. अंधार पडल्यावर पाहिलं, तर कॅमेऱ्याची पेटी मेलेली. वायरमनने पंखे-दिवे इन्व्हर्टरवर घेतले होते, पेटीचा प्लग मात्र साध्या लाइनवरच राहिला होता. दोन वर्षांत आम्ही एकदाही मेन स्विच पाडून पाहिला नव्हता. मी घाबरले. तेवढ्यात दार वाजलं. दारात कोण होतं ते नंतर सांगते, आधी कामाचं बोलू.

पहिलं, हिशेब. चार कॅमेरे आणि रेकॉर्डिंगची पेटी मिळून ४० वॅट धरा, इंटरनेटच्या राउटरचे १० वॅट. झाले ५०. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात तासभर चालली तरी पुष्कळ. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची मोठी बॅटरी धड असेल, तर एवढ्या भारावर रात्र सहज काढते. तिच्यावरच दोन पंखे आणि टीव्ही चालवला, तर चार-पाच तासांत संपते. म्हणून लाइट गेली की आधी टीव्ही बंद.

दुसरं, आपली खारी हवा. बॅटरीच्या टोकांवर बुरा चढतो आणि चार्जिंग नीट होत नाही. इन्व्हर्टर बंद करून टोकं पुसा, व्हॅसलिन लावा. डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत राहा. नळाचं पाणी ओतू नका.

तिसरं, घरातला राउटर चालू असला तरी गल्लीतल्या केबलवाल्याच्या पेटीची वीज गेली की मोबाइलवर चित्र येत नाही. रेकॉर्डिंग चालू राहील, पण कोणाला कळणार नाही. म्हणून आत बॅटरी असलेला भोंगा हवा, आणि तो ऐकून धावून येईल अशी शेजारीण.

चौथं, चुंबकाचं विजेवरचं कुलूप वीज गेली की उघडतं. ते असलं तरी आतून साधी कडी हवीच.

पाचवं, पेटीतलं घड्याळ. वीज जाऊन आल्यावर तारीख-वेळ चुकलेली असू शकते. पुढे ते रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं झालं तर वेळेवरूनच वाद होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. वेळ तपासत जा.

आता त्या दाराचं. दारात आमच्याच आळीतली एक बाई होती. भिजलेली, ओठ फुटलेला. तिच्या घरालाही कॅमेरा आहे, अगदी उंबऱ्यावर रोखलेला. ती कधी बाहेर पडते, कोण येतं, हे तिचा नवरा कामावरून मोबाइलवर बघतो. मार खाऊनही ती कोणाच्या दारी गेली नव्हती. त्या दिवशी लाइट गेली, म्हणून ती आली. माझा कॅमेरा बंद पडला म्हणून मी घाबरले होते, आणि तिचा बंद पडला म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली होती.

तेव्हापासून मी बॅटरीइतकंच पासवर्डबद्दल विचारते. तुमच्या घरची पेटी कुठे आहे, ती कशी चालू-बंद होते, चित्र कोणाच्या मोबाइलवर जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर ती राखण घराची आहे की तुमची? घरातल्या माणसापासूनही संरक्षण मागता येतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारणं तर सोडाच, मानसिक छळही त्यात येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. ११२ आणि १८१ हे नंबर पाठ करा. फोन चार्ज ठेवा, एक पॉवर बँक भरलेली ठेवा.

आज घरी गेलात की मेन स्विच पाडा. काय चालतं, काय बंद पडतं ते डोळ्यांनी बघा, आणि ते स्वतः करा. नंतर शेजारणीकडे जा आणि तिच्या घरी काय बंद पडलं ते विचारा.