कात्री, खळ आणि सोंग



या व्यासपीठावरून परवा राज्यघटनेवर व्याख्यान झाले, काल शेतीच्या पाण्यावर झाले, आणि आज एक निवृत्त चित्रकला-शिक्षक खळीची वाटी घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘कागदाचे नमुने आणि घरगुती सोंगे’ असे मी भीतभीतच सांगितले. ‘मग बालदिनाला या’, असे ते म्हणतील अशी माझी अटकळ होती. तसे ते म्हणाले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

टेबलावरचा हा नमुना मागच्या रांगेतूनही ओळखू येईल. विजापूरचा गोल घुमट. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर. कागदाची इमारत करू पाहणाऱ्याने ताजमहालाच्या वाटेला जाऊ नये, येथून आरंभ करावा, असे मी नेहमी सांगतो. कारण इतकी प्रचंड वास्तू असून तिचा बांधा किती सरळ आहे पाहा. खाली चौकोनी ठोकळा, वर अर्धा गोल, आणि चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे. मूळ इमारतीची एक बाजू बाहेरून सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर आणि घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. दोन मीटरला एक सेंटीमीटर असे प्रमाण धरले, म्हणजे आपला ठोकळा पावणेचोवीस सेंटीमीटरांचा आणि घुमट बावीसचा होतो.

ठोकळा एका संध्याकाळी झाला. मनोऱ्यांना दोन दिवस लागले. घुमटाने मात्र मला पहिल्या खेपेस तीन आठवडे खेळवले.

त्याचे कारण असे. ठोकळ्याची घडणी सपाट कागदावर काढता येते. कापली, दुमडली, उभी राहिली. नळकांडे तसेच, शंकूही तसाच. पण गोलाची घडणी सपाट कागदावर निघतच नाही. संत्र्याची साल टेबलावर पसरून पाहा. कुठेतरी फाटते, नाहीतर कुठेतरी फुगते. ही आपल्या हाताची कसूर नव्हे. गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्यावाचून सपाट होणे अशक्य आहे, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध करून ठेवले आहे. मग करायचे काय? तर पाकळ्या करायच्या. मार्टिन वाल्डझेम्युलर याने १५०७ साली पृथ्वीच्या गोलावर चिकटवण्यासाठी जो नकाशा छापला, तो अशाच बारा पाकळ्यांचा होता.

मीही बारा पाकळ्या केल्या. तळाशी प्रत्येकीची रुंदी पावणेसहा सेंटीमीटर, उंची सव्वासतरा. वरचे टोक आणि तळाची दोन टोके मी पट्टीने सरळ जोडली, कापली, चिकटवली. आणि उभा काय राहिला, तर सर्कशीचा तंबू! पाकळीची कड सरळ नसते, ती बाहेर फुगलेली असते, हे तेव्हा डोक्यात शिरले. निम्म्या उंचीवर सरळ रेघेने रुंदी तीन सेंटीमीटरांच्या आत येते; वस्तुतः ती चार हवी. त्या एका सेंटीमीटरात तंबू आणि घुमट यांचा सगळा फरक आहे. शाळेत ज्या कोसाइनने मला रडवले, तोच म्हातारपणी पुठ्ठ्यावर भेटला आणि अगदी सज्जन निघाला.

(आणखी एक गंमत. घुमट जेथे भिंतींवर टेकतो, तेथे मूळ इमारतीत कमळाच्या पाकळ्यांची एक रांग आहे. माझा तेथला सांधा ओबडधोबड झाला होता. तो मी त्याच पाकळ्यांखाली झाकला. आदिलशाही गवंड्यांचे मनोमन आभार मानले.)

साहित्याविषयी थोडे सांगतो. महागडे काही लागत नाही. लग्नपत्रिकांचा जाड कागद, शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा, एक कात्री, एक पट्टी आणि शाई संपलेले बॉलपेन. दुमडण्यापूर्वी या पेनाने रेघ दाबून घ्यावी, म्हणजे घडी सरळ बसते. लाकडाप्रमाणे कागदालाही तंतूंची दिशा असते. त्या दिशेने तो मुकाट्याने वळतो, आडवा वळवला तर कुरकुरतो आणि मोडतो. नळकांडी करण्यापूर्वी कागद दोन्हीकडून हलका वाकवून पाहावा. जिकडे विरोध कमी, तिकडून गुंडाळावा. खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. बाइंडर मंडळी किडीसाठी तिच्यात मोरचूद घालत. मुलांच्या हाती द्यायची असेल तर घालू नये, ते विष आहे. खळ दोन-तीन दिवसांत आंबते, नवी करावी.

आता सोंगांकडे वळतो. ही वाट मला आमच्या घरातूनच सापडली. गोल सपाट होत नाही, हा गाउसचा सिद्धांत मी मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतींना ऐकवत होतो. त्या ब्लाऊज बेतत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अहो, मग आम्ही टक्स कशाला घालतो?”

मी गप्प बसलो. सपाट कापड गोल अंगावर बसवण्यासाठी कुठे चिमटा घ्यायचा, किती घ्यायचा, हे घरोघरच्या बायका गाउसला न विचारता ठरवत आल्या आहेत. आणि नऊवारीची तर बातच वेगळी. तिथे कात्रीही नाही, नुसत्या निऱ्यांवर सगळे काम.

सोंगाचा मुकुट घ्या. पुठ्ठ्याची सरळ पट्टी कापून टोके जोडली, तर डोक्यावर पिंप ठेवल्यासारखे दिसते. तीच पट्टी कमानीसारखी वाकडी कापली, तर मुकुट वरती ऐटीत फाकतो. कारण तो शंकूचा तुकडा होतो. वर बेगड लावा, आजीच्या जुन्या साडीचे काठ लावा, पृथ्वीचा राजा तयार. आपल्याकडे म्हणतातच, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. माझे म्हणणे इतकेच, की बाकीच्या सोंगांना पैसा लागतही नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देव-दैत्यांचे मुखवटे घालून माणसे रात्र-रात्र नाचतात. त्यांतले पुष्कळसे कागदाच्या लगद्याचे असतात. रद्दीतून रावण निर्माण करणारे ते हात आपल्याच मुलखातले आहेत.

परदेशातही हा नाद जुना आहे. पोलंडमध्ये १९५७ पासून कागदी नमुन्यांचे एक मासिकच निघाले. त्यातली जहाजे, विमाने कापून कापून तिथल्या दोन पिढ्या वाढल्या. न्यूयॉर्कला १९३९ साली विज्ञानकथांच्या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा मर्टल डग्लस या बाईंनी भविष्यकाळातले पोशाख स्वतः शिवले. एक आपल्यासाठी, एक आपल्या मित्रासाठी. दोघे ते घालून सभेत वावरले. पुढे १९८३ साली एका जपानी पत्रकाराने अशा वेषांतराला ‘कॉस्प्ले’ हा शब्द दिला. आपली तरुण मुले तो सर्रास वापरतात. आता तर संगणकच कोणत्याही आकाराची घडणी उलगडून छापून देतो. द्यावी बापड्याने. कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे काम अजून आपल्याकडेच आहे.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या विरुद्ध जाणारी आहे, म्हणून शेवटासाठी राखून ठेवली होती.

माझा नातू सात वर्षांचा असताना शाळेत वेशभूषा-स्पर्धा होती. त्याला टपालपेटी व्हायचे होते. शिवाजीमहाराज नाही, झाशीची राणी नाही, टपालपेटी! पुठ्ठ्याचे नळकांडे त्याने स्वतः गुंडाळले, लाल रंग स्वतः फासला. पत्रे टाकायची फट तिरपी झाली होती आणि ‘टपाल’ ही अक्षरे उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. रात्री तो झोपल्यावर मला राहवले नाही. फट सरळ केली. अक्षरे पुसून छापल्यासारखी काढली. सांधा उसवून पुन्हा जोडला.

पहिले बक्षीस मिळाले, स्टीलचा डबा. घरी आल्यावर त्याने तो आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, हा तुमचा.” रुसला नाही, रडला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याने सांगितले, की पोशाख भाड्याने आणू या.

मंडळी, मी तीस वर्षे मुलांना हस्तकला शिकवली. आई-वडिलांनी केलेल्या, किंवा दुकानातून आणलेल्या नमुन्यांना मी समजून-उमजून दहापैकी नऊ गुण दिले आहेत, आणि मुलाने स्वतः केलेल्या कलत्या घराला पाच. कलते घर उभे राहायला काय लागते, हे मला ठाऊक असूनही. प्रदर्शन चांगले दिसले पाहिजे, असे वरून सांगणे असे. पण गुण माझ्याच हाताने लिहिले गेले. आज शाळांचे प्रकल्प कोपऱ्यावरच्या दुकानात तयार मिळतात, म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो. त्या दुकानाचा पाया माझ्यासारख्यांनी घातला आहे.

आता मी घरात एक नियम पाळतो. धारदार सुरी आणि गरम खळ एवढीच मोठ्यांची कामे. बाकी वेळ हात पाठीमागे. हे फार अवघड जाते. खरे सांगतो, कोसाइनहून अवघड जाते.

हा घुमट दुसऱ्या खेपेस केला तेव्हा नातू बारा वर्षांचा होता. पाच वर्षे तो कात्रीकडे फिरकला नव्हता. एके दिवशी जवळ येऊन उभा राहिला आणि तंबूचे काय झाले म्हणून विचारू लागला. बारांपैकी चार पाकळ्या त्याने कापल्या आहेत. भाषण संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे, मुलांनी तर खुशाल हात लावावा. उत्तरेकडच्या अंगाला एक पाकळी कडेला थोडी उघडी पडली आहे. ती त्याची आहे. मी ती चिकटवलेली नाही. तेवढी जरा सांभाळा.