पॅकेजचा आकडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. लाखांचे हिशेब सांगायला उभी राहिले म्हणून हसू नका. धाकटीला कॉम्प्युटर इंजिनियर व्हायचे आहे, तेव्हा हा अभ्यास मला करावाच लागला.

पुण्याच्या एका कॉलेजचे माहितीपत्रक घरी आले. वर ठळक अक्षरांत ‘सर्वोच्च पॅकेज’! मॅनेजमेंट कोट्यातून जागा मिळेल म्हणाले. ह्यांनी तर दोन बिघे विकायचे मनात घेतले. मला आपला नंदुरबारचा मिरचीबाजार आठवला. एखाद्या मालाला उच्चांकी भाव मिळतो, तोच पेपरात येतो. बाकीची पोती कशी गेली ते कोण छापतो?

मग मी सरासरी विचारली. तीही फसवी. समजा, पाच मुलींना नोकरी लागली. चौघींना वर्षाला 3 लाख, पाचवीला 28 लाख. सरासरी निघते 8 लाख, आणि 8 तर एकीलाही नाहीत! भाचा म्हणाला, “मावशी, तू मधला आकडा विचार.” पगार चढत्या क्रमाने मांडले की मधोमध येतो तो, इथे 3. पवईच्या आय.आय.टी.तही 2023-24 साली सरासरी 23.5 लाख होती, मधला आकडा मात्र 18 लाखांच्या आत. केंद्र सरकारच्या एन.आय.आर.एफ. क्रमवारीत उतरणारी कॉलेजे हा आकडा देतात. किती मुलांना नोकरी लागली तेही शेजारीच असते; ते आधी वाचावे, कारण रिकामी राहिलेली मुले पगाराच्या हिशेबात धरतच नाहीत.

शिवाय पॅकेज म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. त्यात फंड, ग्रॅच्युइटी सारे मोजलेले असते. 3.36 लाखांचे महिन्याला 28 हजार होतात, हाती त्याहून कमी. त्यातून पुण्याची खोली आणि खानावळ.

आणखी एक. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास, मराठा व आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून जागा मिळाली तर शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. हे वाचून दाखवल्यावर बिघे विकायची गोष्ट ह्यांनी पुन्हा काढलेली नाही.

मुलगी म्हणते पुणे, हे म्हणतात मग शहादाच बरे. ज्यांची मुले नोकरीला आहेत त्यांनी हातात पडणारा खरा आकडा मला सांगावा, नाव लिहीत नाही. वहीत सात घरे झाली आहेत. फॉर्म भरायला अजून नऊ दिवस आहेत.