पत्रा बदलायचा की वाचवायचा?

दिवसभर मी कोड लिहितो, पण आज बोलणार आहे गंजाबद्दल. आजोबांची महिंद्रा एफसी-150 पिकअप मी परत उभी करतोय. विलीजने हे मॉडेल 1956 मध्ये आणलं. खालचे बरेच पार्ट जीपचेच, ते मिळतात. केबिन मात्र फक्त हिचीच! म्हणजे दरवाजा सडला, की भंगारवाल्यांकडे चकरा. जाताना खिशात चुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली जाड पुट्टी आहे समजा.

मग कापायचं किती? स्क्रूड्रायव्हरने टोचत जा, कडक पत्रा लागला की थांबा. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग तेवढ्याच जाडीचा पत्रा, आणि अंतर ठेवून वेल्डिंगचे टाके. सलग मारलंत तर उष्णतेने पत्रा वाकतो. दाराखालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, नाहीतर पुन्हा तेच.

आणि हो, 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. म्हणूनच डेंटरकाका म्हणाले, “नवीन केबिन बनवू,” तेव्हा मी म्हटलं, “काका, आजोबांचीच राहू द्या.”

तुमच्या अंगणात अशी गाडी असेल, तर पावसाळ्याआधी शेडखाली घ्या.