लांबी भरलेलं लाकूड
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या त्या जुन्या गाडीवर बोल." बरं झालं, नाहीतर नोकरीवर बोलावं लागलं असतं.

कॉव्हेंट्रीला माझ्याकडे 1967 सालची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर आहे. हे मॉडेल 1953 ते 1971 या काळात निघत होतं. पुढचा भाग पत्र्याचा, पण पुढच्या दारांच्या मागे बाहेरूनच दिसणारी लाकडी चौकट. बघणाऱ्याला ती शोभेची वाटते. तशी ती नाही. मागचा सगळा भार ॲशच्या लाकडावर. मधे नुसते ॲल्युमिनियमचे पत्रे. ॲश मोठं चिवट, तिकडे कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात, पण पाणी त्याला सोसत नाही. सरकत्या काचांच्या खोबणीत पाऊस साचतो, खालच्या आडव्या पट्टीत मुरतो. वर वार्निश चकचकीत, आत भुसा.

माझ्या गाडीचं तेच झालं होतं आणि मला ते माहीत होतं. मी काय केलं? मऊ झालेलं कोरलं, लांबी भरली, घासली, रंग जुळवून वार्निश मारलं. त्याच गाडीतून मुलीला सामानासकट तिच्या विद्यापीठात सोडून आलो. 2009 साली वार्षिक तपासणी होती. तपासनिसानं आधी बोटानं दाबलं, मग हत्याराच्या मुठीनं ठोकलं. बद्द आवाज आला. काही न बोलता त्यानं नापासाचा कागद हातात ठेवला. या गाडीचं लाकूड कुजलं तर पत्रा गंजल्यासारखंच धरतात.

तो आवाज ऐकला आणि मी थेट आपल्या नववीच्या सुतारकामाच्या तासाला! परीक्षेला स्टूल करायचं होतं. माझं एक कुसू खाचेत डुगडुगत होतं, म्हणून सरसात भुसा कालवून फट बुजवली. सरांनी स्टूल उचललं, पायावर टिचकी मारली, खाली ठेवलं. पस्तीस गुण. शब्द नाही. तेव्हा वाटलं, सरांच्या लक्षात आलं नाही, वाचलो. सर, पहिल्या रांगेत हसू नका.

मग गाडी घरच्या गॅरेजमध्ये घेतली ती एकवीस महिने. तयार लाकूड विकत मिळतं. लांब पट्ट्या तशा आणल्या, बाकीचं हातानं केलं. उत्साहाच्या भरात दोन्ही बाजू एकदम उतरवल्या. हे कुणी करू नका. एक बाजू जागेवर ठेवायची, दुसरीचं माप तीच असते. माझ्याकडे माप उरलं नाही. नवी चौकट गुण्यात बसली, पण मागची दारं मिटेनात. तब्बल नऊ मिलिमीटर! शेजारी म्हणाला, दारं रंध्यानं तासून टाक. मोह झाला, खोटं कशाला बोलू. शेवटी सगळे बोल्ट सैल केले, दारं आधी बंद करून घेतली आणि चौकट त्यांच्याभोवती हळूहळू आवळत आणली. तीन आठवडे गेले. पहिली चार कुसवं शेकोटीत गेली. पाचवं मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसलं.

वार्निश आता नाही लावत. त्याचा थर तडकला की पाणी आतच कोंडतं. आत मुरणारा तेलकट लेप लावतो, दर वर्षी. लाकडाच्या कापलेल्या टोकांना जोडणीआधीच.

मुलीला लांबीची गोष्ट गाडी पास झाल्यावर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मी तेव्हा मागे झोपले होते."

सर, पिशवीत ते पाचवं कुसू आणलंय. पट्टी दोन सूत आखूड पडली म्हणून गाडीत लागलं नाही. जेवणाआधी एकदा बघा. सरस लावलेला नाही. उलटं धरून झटकलंत तरी चालेल.