श्वासाचें चित्र

छातीभोंवतीं एक पट्टा बांधावयाचा, डोळ्यांपुढें दोन लहान पडदे असलेलें शिरस्त्राण चढवावयाचें, आणि हातांत कसलेंहि साधन न घेतां केवळ श्वास घ्यावयाचा. श्वास आंत गेला कीं पाहणारा समोरच्या चित्रसृष्टींत वर तरंगूं लागतो. बाहेर पडला कीं खालीं उतरतो. वाटेंत एक वृक्ष लागतो, तळें लागतें, आणखी खालीं गेल्यास मुळें आणि माती लागते. सारेंच अर्धपारदर्शक, धुक्यांतल्यासारखें. कॅनडांतील चित्रकर्त्री शार डेव्हिस यांची 'ऑस्मोस' नांवाची ही संगणककृति १९९५ सालीं मॉन्ट्रियल येथें लोकांपुढें आली. पाण्याखालीं विहरणारा मनुष्य फुफ्फुसांत हवा भरून वर येतो आणि ती सोडून खालीं जातो, हा स्वतःचा अनुभव डेव्हिस यांनीं तींत उतरविला. त्यानंतर श्वासानें उमलणारीं आणि श्वासानें मावळणारीं चित्रें अनेक देशांत निघालीं. ध्यानाला साहाय्यक म्हणूनहि त्यांची वाखाणणी होते.

हें सर्व अगदीं नवें वाटतें. परंतु शरीराच्या आंत चाललेला हा व्यापार यंत्राच्या साह्यानें डोळ्यांना दाखविण्याचा उद्योग मावळांत शंभर वर्षांपूर्वींच सुरू झाला होता. आणि तो करणारे कोणी कलावंत नव्हते, ते एक योगी होते.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं ऑक्टोबर १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. त्याच सुमारास 'योगमीमांसा' हें त्रैमासिकहि निघालें. योगासंबंधीं जें जें सांगितलें जातें तें तें प्रयोगशाळेच्या कसोटीला लावून पाहावयाचें, हा त्यांचा बाणा होता. उड्डियान आणि नौलि या क्रियांच्या वेळीं पोटांतील इंद्रियें कशीं हलतात हें त्यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें पाहिलें. बस्तिक्रियेंत पाणी पिचकारीवांचून आंतड्यांत कसें चढतें, हें एक जुनेंच कोडें होतें. आंतड्यांत सोडलेल्या नळीचें दुसरें टोंक दाबमापकाला जोडलें, आणि साधकानें नौलि करतांच पाऱ्यानें साक्ष दिली कीं आंतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षां कमी झालेला आहे. या निर्वाताला स्वामींनीं आपले गुरु परमहंस माधवदास यांचें नांव दिलें. शिष्यभावाची खूण प्रयोगशाळेच्या परिभाषेंत अशी क्वचितच उमटते.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पारा हलला म्हणून साधकाची योगांत प्रगति झाली, असें स्वामींनीं मानलें नाहीं. यंत्र सांगतें तें दाबाविषयीं सांगतें, एवढी मर्यादा त्यांनीं पाळली. प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा अधिक पुरवठा, ही लोकप्रिय समजूतहि त्यांना मान्य नव्हती.

ही मर्यादा किती आवश्यक होती तें लवकरच दिसून आलें. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन हे मूळचे त्रावणकोरचे मानसशास्त्रज्ञ लोणावळ्यास राहून स्वामींपाशीं योग शिकले आणि परत गेल्यावर त्यांनीं स्वतःवरच मापनें केलीं. त्यांचा ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. उज्जायी प्राणायामाच्या वेळीं प्राणवायूचा व्यय नेहमींपेक्षां सुमारें २४ टक्क्यांनीं वाढलेला त्यांना आढळला. म्हणजे शांत दिसणारी ही क्रिया शरीराला विश्रांति देणारी नव्हे, श्रमविणारी ठरली. प्राणायामानंतर लगेच मानसिक कसोट्या घेतल्या, तर बेरजा-वजाबाक्यांसारख्या कामांची गति मंदावलेली दिसली. असें असतांहि मनाला लाभणारी प्रसन्न निवांतता त्यांनीं नाकारली नाहीं. आंकडे एक बोलत होते आणि अनुभव दुसरें. बेहानन यांनीं दोन्ही लिहून ठेवले, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें द्योतक होय.

आजच्या श्वासचित्रांना हीच कसोटी लावून पाहावी. छातीवरचा पट्टा छातीचें हलणें तेवढें ओळखतो. मन नामस्मरणांत आहे कीं सायंकाळच्या भाजींत, याचा त्याला पत्ता नसतो. शिवाय चित्र सुंदर हलावें म्हणून पाहणारा नकळत मोठमोठे श्वास घेऊं लागतो. श्वास चित्राचा चाकर होतो. योगाची वाट तर उलट दिशेची. तेथें श्वास सूक्ष्म होत जातो आणि कुंभकांत थांबतो. नेमक्या त्या क्षणीं चित्रहि निश्चल होतें, आणि पट्टा सुटून पडला काय किंवा साधक स्थिरावला काय, यंत्राला दोन्ही सारखेंच!

लोणावळ्याच्या पुढचें स्थानक मळवली. तेथून जवळच भाज्याचीं लेणीं आहेत. त्यांतील एका विहाराच्या ओसरींत भिंतीवर विलक्षण शिल्पें कोरलेलीं आहेत. भिक्षूच्या कोठडींत मात्र दगडी ओट्यावांचून पाहण्यासारखें कांहीं नाहीं. कला ओसरींत आणि आसन कोठडींत, अशी ही वांटणी दोन हजार वर्षें टिकून आहे.

तथापि ओसरीला अजिबात अर्थ नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्याला आपला श्वास उथळ आहे हें कधीं उमगलेंच नाहीं, अशा नगरवासी मनुष्याला तो पडद्यावर दिसला तर तेवढ्यापुरता लाभच आहे. आणि एका कलाकृतीनें तर ही अडचण मोठ्या मार्मिकपणें उलटविली आहे. अमेरिकन संगीतकार आल्विन लुसिए यांनीं १९६५ सालीं मस्तकावर विद्युदग्रें लावून आपल्या मेंदूंतील आल्फा लहरी विवर्धकांतून ध्वनिवर्धकांकडे नेल्या. या लहरी सेकंदाला साधारण आठ ते बारा. इतका मंद नाद कानाला ऐकूं येत नाहीं, पण ध्वनिवर्धकाजवळ ठेवलेले ढोल आणि घंटा त्यानें थरथरूं लागतात. या लहरी डोळे मिटून स्वस्थ बसणाऱ्या कोणाच्याहि मेंदूंत उठतात; तेवढ्यावरून समाधि लागली असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु वादकाची खरी पंचाईत निराळीच. त्यानें डोळे उघडले, किंवा आंतल्या आंत एखादें दृश्य रंगवावयास घेतलें, कीं लहरी मावळतात आणि ढोल मुका होतो. मनांत कांहीं न रेखाटतां, भरल्या सभागृहापुढें, तो खुर्चीवर नुसता बसून राहतो.